स्ट्रीम दुसऱ्यांदा सुरू केली की कर्नल कोसळतो: विव्हिड ड्रायव्हरमधली रेस कशी पकडायची आणि कशी बुजवायची

लक्षण असं असतं. व्हर्च्युअल कॅमेऱ्यावर चाचण्या लावून ठेवल्या आहेत. एक प्रोग्रॅम व्हिडिओ डिव्हाइस उघडतो, थोड्या फ्रेम वाचतो, बंद करतो. शेजारी दुसरा प्रोग्रॅमही तेच करतोय. तासन्‌तास सगळं सुरळीत चालतं आणि मग अचानक कर्नलचा ऊप्स, म्हणजे आतल्या गंभीर चुकीचा अहवाल, येतो. स्टॅक ट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शनने कुणाला हाकारलं त्या यादीत) वरच्या बाजूला लिंक्ड लिस्टला नोंद जोडणारा कोड दिसतो, त्याखाली बफर रांगेत लावणारं व्हिड_कॅप_बफ_क्यू. मशीन रीबूट केलं की परत सगळं ठीक. लॉग मागे मागे वाचत गेलं तर ऊप्सच्या आधी घडलेलं एवढंच हाती लागतं की कुणीतरी स्ट्रीम सुरू केली होती.

म्हणून बहुतेक जण स्ट्रीम सुरू होण्याच्या वाटेवरचा कोड वाचायला बसतात, आणि तिथे काहीच सापडत नाही. तो कोड निर्दोष आहे. घोळ आधीच्या खेपेला स्ट्रीम बंद होताना झालेला असतो आणि त्याचं बिल पुढच्याच्या नावावर फाटतं.

विव्हिड म्हणजे लिनक्स कर्नलमधला व्हर्च्युअल व्हिडिओ टेस्ट ड्रायव्हर. समोर खरा कॅमेरा नसताना तो कॅमेरा, व्हिडिओ आउटपुट, व्हीबीआय (टीव्ही सिग्नलमध्ये चित्राखेरीज येणारा डेटा), रेडिओ, एसडीआर (सॉफ्टवेअर रेडिओ) अशी सोंगं वठवतो. व्हिडिओ फॉर लिनक्सवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आणि ड्रायव्हर शिकणाऱ्यांना तो फार सोयीचा, कारण हार्डवेअर लागत नाही. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ३.१८ कर्नलपासून तो आहे. आणि जवळजवळ पाच वर्षं त्यात ही रेस, म्हणजे दोन कामं कुठल्या क्रमाने घडतात यावर निकाल ठरण्याची चूक, तशीच पडून होती. अलेक्झांडर पोपोव्ह यांना ती सिझकॉलर या फझरवर (आडवातिडवा इनपुट देऊन चुका शोधणाऱ्या साधनावर) काम करताना सापडली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१९-१८६८३ या क्रमांकाने जाहीर झाली. ५.३.८ पर्यंतचे कर्नल तिच्या तडाख्यात होते. ज्या वितरणांत लॉगिन केलेल्या साध्या यूजरला व्हिडिओ डिव्हाइस वाचायची-लिहायची परवानगी मिळते, उदाहरणार्थ उबुंटू, तिथे ही रेस वापरून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होता येत होतं. अट एकच, विव्हिड मॉड्यूल आधीपासून लोड झालेलं हवं. ते आपोआप लोड होत नाही, म्हणून फार मोठा हाहाकार झाला नाही.

आज तुमचा कर्नल नवा असेल तर विव्हिडमधली ही रेस तुम्हाला दिसणार नाही. मग हे लिहायचं कशाला? कारण हाच साचा लोकांच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये पुन्हा पुन्हा उगवतो. व्हर्च्युअल सेन्सर, व्हर्च्युअल सिरियल पोर्ट, लूपबॅक डिव्हाइस, सगळीकडे रचना तीच: एक कर्नल थ्रेड खोटा डेटा तयार करतोय, एक मोठा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) आहे, आणि बंद करण्याच्या फंक्शनमध्ये त्या थ्रेडला थांबवायचं आहे.

नेमकं काय घडतं

विव्हिडमध्ये कॅप्चरचा थ्रेड दर फ्रेमला मुख्य म्युटेक्स घेतो, रांगेतला बफर उचलून त्यात चित्र भरतो, बफर परत देतो आणि म्युटेक्स सोडून पुढच्या फ्रेमपर्यंत झोपतो. स्ट्रीम बंद करणारं फंक्शन, म्हणजे विव्हिड_स्टॉप_जनरेटिंग_व्हिड_कॅप, हाकारलं जातं तेव्हा तोच म्युटेक्स हाकारणाऱ्याकडे आधीच असतो. आता या फंक्शनला थ्रेड थांबवायचा आहे. त्यासाठी केथ्रेड_स्टॉप आहे. ते थ्रेडला 'थांब' अशी खूण करतं, जागं करतं आणि तो खरोखर संपेपर्यंत वाट पाहतं.

इथे पेच पडतो. म्युटेक्स आपल्या हातात आहे, आपण थ्रेड संपायची वाट पाहतोय, आणि थ्रेड तोच म्युटेक्स मिळायची वाट पाहत झोपलाय. सरळ डेडलॉक. तो टाळण्यासाठी मूळ कोडमध्ये सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं तेच केलं होतं: म्युटेक्स सोड, केथ्रेड_स्टॉप कर, थ्रेडचा पॉइंटर नल कर, म्युटेक्स पुन्हा घे. चार ओळी. वाचताना अगदी शहाण्यासारख्या वाटतात. तुमच्या रिव्ह्यूत आल्या तर तुम्हीही त्यांना मान डोलवाल.

पण म्युटेक्स सोडला तो थ्रेडने घ्यावा म्हणून. तो थ्रेडलाच मिळेल याची हमी कुणी दिली? त्याच म्युटेक्ससाठी दुसऱ्या प्रोग्रॅमचा रीड ताटकळत उभा असू शकतो. क्रम मग असा लागतो:

पहिला प्रोग्रॅम स्ट्रीम बंद करतो. ड्रायव्हर सक्रिय बफरांची यादी रिकामी करतो, एकेक बफर 'चूक' असा शेरा मारून परत देतो.
पहिला प्रोग्रॅम म्युटेक्स सोडतो आणि केथ्रेड_स्टॉपमध्ये थांबतो.
दुसऱ्याचा रीड तो म्युटेक्स पटकावतो. त्याच्या दृष्टीने रांग अजून चालू आहे. तो बफर रांगेत लावतो, आणि तो बफर नुकत्याच रिकाम्या केलेल्या यादीत जाऊन बसतो.
थ्रेड संपतो. पहिला प्रोग्रॅम म्युटेक्स परत घेतो आणि पुढे जातो. यादी आपण रिकामी केली आहे, असंच तो धरून चालतो.
रांगेची आवराआवर होते, सगळे बफर फ्री होतात. ड्रायव्हरच्या यादीत मात्र फ्री झालेल्या बफरचा पत्ता तसाच.
पुढच्या वेळी कुणी स्ट्रीम सुरू करून नवा बफर यादीच्या शेपटीला जोडतो. जोडताना आधीच्या नोंदीचा पॉइंटर बदलावा लागतो. ती आधीची नोंद म्हणजे तो मेलेला बफर.

म्हणून ऊप्स दुसऱ्या सुरुवातीला येतो.

या क्रमात एक गोष्ट नीट बघा. सक्रिय बफरांच्या यादीसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळा स्पिनलॉक (अगदी थोड्या वेळापुरता धरायचा लॉक) आहे. यादीत बफर घालताना तो घेतलाही जातो. तरी यादी बिघडली. स्पिनलॉक एवढंच पाहतो की दोघांनी एकाच क्षणी यादीत हात घालू नये. 'यादी रिकामी केल्यापासून थ्रेड संपेपर्यंत तिच्यात कुणी काही टाकणार नाही' हे वचन पाळणं म्युटेक्सचं काम होतं, आणि म्युटेक्स तर मधेच सोडलेला. 'पण मी लॉक घेतलाय ना' असं रिव्ह्यूमध्ये कुणी म्हणालं की मी विचारतो, लॉक कुठल्या वाक्याचं रक्षण करतोय ते एका ओळीत लिहून दाखवा. बऱ्याचदा ती ओळ लिहिता लिहिताच बग सापडतो.

त्याच चार ओळींत आणखी एक खोट आहे, तिच्याकडे कमी लक्ष गेलं. थ्रेडचा पॉइंटर नल करण्याची ओळ म्युटेक्सच्या बाहेर होती. विव्हिडमध्ये व्हिडिओ कॅप्चर आणि व्हीबीआय कॅप्चर एकाच थ्रेडवर चालतात. सुरू करणारं फंक्शन आधी बघतं की थ्रेड आहे का. असला तर नवा बनवत नाही, फक्त 'स्ट्रीम चालू' असा झेंडा लावून परत फिरतं. आता मधल्या फटीत कुणी व्हीबीआय सुरू केलं तर त्याला थ्रेड 'आहे' असं दिसणार. पुढच्या क्षणी तो संपणार. उरतो काय, तर झेंडा लागलेला आणि काम करणारं कुणी नाही. वाचणारा प्रोग्रॅम फ्रेमची वाट पाहत बसेल ते बसेलच. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ऊप्स कधीच येत नाही पण अधूनमधून रीड कायमचा लटकतो, असं असेल तर आधी या बाजूला बघा.

पकडायची कशी

पहिलं काम, कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू करून कर्नल बांधा. त्याशिवाय हा बग शोधणं म्हणजे वेळेचा चुराडा, कारण फ्री झालेली मेमरी लगेच दुसऱ्याला दिली गेली नसेल तर काहीच घडत नाही, आणि दिली गेली असेल तर कोसळतो भलताच कोड. कासान यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे फ्री झालेल्या मेमरीचा वापर, जागच्या जागी धरतं आणि तीन स्टॅक छापतं: आता कुणी हात लावला, मेमरी कुणी घेतली होती, फ्री कुणी केली. लोक पहिला स्टॅक वाचून थांबतात. या जातीच्या बगमध्ये कामाचा स्टॅक तिसरा. त्यात स्ट्रीम बंद करण्याची वाट सापडली की निम्मं काम झालं.

लॉकडेप इथे मदतीला येत नाही. ते लॉकांचा आपापसातला क्रम तपासतं. सोडलेल्या लॉकबद्दल त्याची काही तक्रार नसते. ५.८ पासून कर्नलमध्ये असलेलं केसीसॅनही गप्प राहू शकतं. ते डेटा रेस शोधतं, म्हणजे एकाच जागी लॉकशिवाय झालेलं एकाच वेळचं लिहिणं-वाचणं. इथे प्रत्येक हात लॉक घेऊनच पडतोय, चुकलाय तो क्रम. साधन गप्प आहे म्हणून ड्रायव्हर शुद्ध, असा अर्थ काढू नका.

रेस मुद्दाम घडवून आणायला दोन थ्रेड पुरतात. दोघेही उघड-वाच-बंद कर हे चक्र फिरवत ठेवायचे आणि दोघांना वेगवेगळ्या सीपीयूंवर बांधून टाकायचं. तरीही दिसत नसेल तर फट रुंद करा: चाचणीच्या बिल्डमध्ये म्युटेक्स सोडल्याच्या लगेच खालच्या ओळीत ५० मिलिसेकंदांची झोप घाला. जे रात्रभरात एकदा घडत होतं ते चहा येईपर्यंत घडतं. झोप घातल्यावर बग नेमाने येऊ लागला तर तो या फटीतलाच आहे याचा चांगला पुरावा मिळाला. दुरुस्ती झाल्यावर हीच झोप तशीच ठेवून चाचणी पुन्हा चालवा.

मधे छपाई करून बघायची असेल तर प्रिंटके टाळा. कन्सोलवर लिहिण्यात इतका वेळ जातो की रेसच नाहीशी होते, आणि तुम्हाला वाटतं सुटला प्रश्न. ट्रेस_प्रिंटके वापरा. ते मेमरीतल्या बफरमध्ये लिहितं, वेळेचं गणित फारसं बिघडत नाही.

न चालणारे उपाय

म्युटेक्स सोडायच्या आधी नव्हे तर परत घेतल्यावर यादी पुन्हा एकदा रिकामी करायची, हा उपाय हमखास सुचवला जातो. त्याने ऊप्स बहुधा जाईल. पण दुसऱ्याच्या रीडने त्या फटीत यादीखेरीज आणखी काय काय बदललं, हे तुम्हाला माहीत नाही. लॉक एकदा सोडला की आधी वाचलेली प्रत्येक गोष्ट शिळी झाली. एकेक शिळी गोष्ट हुडकून ताजी करत बसणं हा न संपणारा उद्योग आहे.

नुसता म्युटेक्स न सोडणं, बाकी काही न बदलणं, म्हणजे पुन्हा मूळ डेडलॉक. तो आला की ओळखायचा असा: बंद करणारी प्रोसेस आणि कर्नल थ्रेड दोन्ही डी स्थितीत, म्हणजे सिग्नलने न उठणाऱ्या झोपेत. मूळ सेटिंगप्रमाणे १२० सेकंदांनी कर्नल 'टास्क अडकला' अशी ओरड लॉगमध्ये करतो. तेवढं थांबायचं नसेल तर सिसआरक्यूचं (कर्नलला थेट द्यायच्या आणीबाणीच्या आज्ञांमधलं) डब्ल्यू द्या, अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक मिळतील. एकात केथ्रेड_स्टॉप आणि दुसऱ्यात म्युटेक्स_लॉक दिसलं की निदान पक्कं.

'बंद होत आहे' असा झेंडा ठेवायचा आणि दुसऱ्यांना परत पाठवायचं, हा उपाय चुकीचा नाही. रेल्वेत पाणी भरायला खाली उतरताना सीटवर रुमाल टाकतात, तसा हा झेंडा. पण रुमालाला मान असतो तो सगळे मानतात तोवरच. ड्रायव्हरमध्ये शिरायच्या प्रत्येक वाटेवर, म्हणजे रीड, पोल, आयओसीटीएल, एममॅप, झेंडा तपासावा लागतो, तोही लॉकखाली. एक वाट राहिली की संपलं. विव्हिडसारख्या ड्रायव्हरमध्ये यातल्या बऱ्याच वाटा खालच्या फ्रेमवर्कमधून येतात, तुमच्या हातात नसतात.

झालेली दुरुस्ती

पॅचने दोन बदल केले. बंद करणाऱ्या फंक्शनांतून म्युटेक्स सोडणं काढून टाकलं. ही फंक्शनं तीन होती: कॅप्चरचं, आउटपुटचं आणि एसडीआरचं, कारण तिन्हींत त्याच चार ओळी उतरवलेल्या होत्या. आणि थ्रेडच्या चक्रात म्युटेक्स_लॉकच्या जागी म्युटेक्स_ट्रायलॉक आणलं, जे म्युटेक्स मिळाला नाही तर वाट न पाहता लगेच परत येतं. चक्र आता असं चालतं:

थांबायची खूण झाली आहे का? झाली असेल तर बाहेर.
म्युटेक्स मिळतो का? नाही मिळाला तर एक जिफी (कर्नलच्या घड्याळाची एक टिक) झोप, मग पुन्हा पहिल्या ओळीवर.
फ्रेम भर, बफर परत दे.
म्युटेक्स सोड.
पुढच्या फ्रेमपर्यंत झोप, मग पुन्हा वर.

हे बरोबर का आहे ते कागदावर पटवून घ्या. बंद करणारा फंक्शनमध्ये शिरला तेव्हा म्युटेक्स त्याच्याकडे आहे, म्हणजे त्या क्षणी थ्रेड फ्रेम भरत असूच शकत नाही. तो झोपलेला आहे किंवा ट्रायलॉकवर आपटून परत येतोय. बंद करणारा म्युटेक्स सोडत नाही, तेव्हा थ्रेडला आणखी एकही फ्रेम करता येणार नाही. तो वर जाईल, खूण बघेल, बाहेर पडेल. दुसऱ्याचा रीड या सगळ्या काळात म्युटेक्सपाशी उभा आहे. त्याला आत शिरता येईल तेव्हा बंद करण्याचं काम तडीला गेलेलं असेल. फट उरलीच नाही.

ओळींचा क्रम मात्र जपा. खूण आधी, ट्रायलॉक नंतर, आणि ट्रायलॉक फसलं की चक्राच्या माथ्यावर परत. खुणेची तपासणी ट्रायलॉक यशस्वी झाल्यानंतर ठेवली तर थ्रेड जन्मभर ट्रायलॉकच करत राहील आणि डेडलॉक वेगळ्या कपड्यात परत येईल, या वेळी सीपीयू खात.

झोपेबद्दलही थोडं. पॅचमध्ये शेड्यूल_टाइमआउट_अनइंटरप्टिबल वापरलं होतं. काही जण नकल करताना नुसतं शेड्यूल_टाइमआउट लिहितात. त्या आधी टास्कची स्थिती बदललेली नसेल तर थ्रेड झोपत नाही, जवळपास लगेच परत येतो आणि चक्र गरगर फिरत राहतं. एक जिफी म्हणजे किती, हे कर्नलच्या एचझेड सेटिंगवर: १००० असेल तर १ मिलिसेकंद, २५० असेल तर ४, १०० असेल तर १०. सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबात दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद असतात, तेव्हा ४ चा उशीर पचतो. शिवाय विव्हिड फ्रेमचा क्रमांक गेलेल्या वेळेवरून काढतो, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी घड्याळ सरकत नाही, फार झालं तर एखादी फ्रेम गळते. तुमचा व्हर्च्युअल सेन्सर दर मिलिसेकंदाला नमुना देत असेल तर मात्र हा उपाय जसाच्या तसा उचलू नका. तिथे थ्रेडने मोठ्या म्युटेक्सला हातच लावू नये, त्याला लागणारी आकडेवारी वेगळ्या छोट्या लॉकखाली ठेवावी. नवा ड्रायव्हर लिहायचा असेल तर मी पहिल्यापासून हेच करीन. ट्रायलॉक ही जुन्या घराची डागडुजी आहे, चांगली आहे, पण नव्या घरात तिची गरज पडू नये.

थ्रेडऐवजी वर्कक्यू किंवा टायमर असेल तर

साचा तोच, फक्त नावं बदलतात. वर्कक्यू म्हणजे कर्नलने मागाहून करायच्या कामांची रांग. कॅन्सल_वर्क_सिंक हे त्यातलं चालू काम संपेपर्यंत थांबतं. काम जो लॉक घेतं तो धरून ते हाकारलं तर डेडलॉक. इथे लॉकडेप आधीच सावध करतं, कारण वर्कक्यूमध्ये त्याची सोय केलेली आहे. केथ्रेड_स्टॉपमधलं थांबणं त्याला दिसत नाही. पण लॉकडेपची ती सूचना पाहून लोक काय करतात? लॉक सोडतात, कॅन्सल करतात, लॉक परत घेतात. सूचना जाते, रेस येते.

टायमरमध्ये आणखी एक गुंता असतो: टायमर थांबवल्यावर दुसऱ्याच वाटेने कुणीतरी त्याला पुन्हा चालू करतं आणि मग मेमरी फ्री होते. ६.२ पासून कर्नलमध्ये टायमर_शटडाउन_सिंक आहे. ते टायमर थांबवतं आणि त्याला पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न झाला तर मुकाट दुर्लक्ष करतं. ड्रायव्हर कायमचा काढताना हेच वापरा. नुसती स्ट्रीम थांबवताना ते चालणार नाही, कारण टायमर पुढे पुन्हा हवा असतो.

याचंच उलटं रूपही भेटतं: लॉक घेण्याच्या आधीच गोष्ट वाचून ठेवणं. व्हर्च्युअल मशीन आणि होस्ट यांच्यातल्या व्हीसॉकमध्ये नेमकं हे होतं. फंक्शनच्या सुरुवातीला, चल जाहीर करतानाच, ट्रान्सपोर्टचा पॉइंटर वाचून ठेवलेला आणि सॉकेटचा लॉक त्यानंतर घेतलेला. मधल्या वेळात दुसरा थ्रेड ट्रान्सपोर्ट बदलू शकत होता. ती सीव्हीई-२०२१-२६७०८, शोधणारे पुन्हा पोपोव्हच, आणि दुरुस्ती म्हणजे वाचण्याची ओळ लॉकच्या खाली आणणं. ओळ एका ठिकाणी नव्हती, अनेक फंक्शनांत तशीच होती.

म्हणून एक जागा सापडली की काम थांबवू नका. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये केथ्रेड_स्टॉप, कॅन्सल_वर्क_सिंक, टायमर_डिलीट_सिंक आणि त्याचं जुनं नाव डेल_टायमर_सिंक, या चारांवर ग्रेप मारा आणि प्रत्येक ठिकाणी वरच्या पाच-सहा ओळी वाचा. तिथे अनलॉक आणि खाली पुन्हा लॉक दिसला की त्या दोहोंच्या मधे कोण घुसू शकतं, त्यांची नावं कागदावर लिहून काढा. जुन्या कर्नलवर अडकलेला विव्हिड हाताने दुरुस्त करत असाल तर तिन्ही बंद करणारी फंक्शनं आणि त्यांचे तिन्ही थ्रेड एकाच पॅचमध्ये बदला. अनलॉक काढला पण ट्रायलॉक आणायचं राहून गेलं, अशी दुरुस्ती जुन्या कर्नलवर अर्धवट उतरवली गेली तर पहिली स्ट्रीम बंद करतानाच मशीन लटकेल.